उंदीर पाचव्या दिवशी मेला, मधल्या चार दिवसांचं काय?

आमच्या माळ्यावर घुबडं राहायची. पाळलेली नाही हो, आपली आपण आलेली, माझं लग्न व्हायच्या आधीपासून. या घरातल्या पहिल्याच आठवड्यात मी रात्री दचकून उठले होते, डोक्यावर फुस्सऽ फुस्सऽ असा आवाज, कुकरची शिट्टी कुणी अर्धवट दाबून धरल्यासारखा, मला वाटलं नक्की साप आहे, तर सासूबाई पलीकडच्या खोलीतून झोपेतच म्हणाल्या, "झोप गं, पिल्लं जेवण मागतायत." गव्हाणी घुबड, बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड असतं ते. लोक अपशकुनी म्हणतात पण आमच्या घरात कुणी हाकललं नाही, कारण भाताचं कोठार त्याच माळ्याखाली आणि घुबड काय खातं ते सगळ्यांना माहीत.

घर डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या बाजूला. समोर खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन, त्यात पावसाळी कोरगुट भात, मागे भाट, त्यात ६२ माड आणि थोडी केळी, बाजूला गोठा. घर जुनं, मंगलोरी कौलांचं, भिंती जाड आणि भोकं भरपूर. उंदरांना याहून चांगली जागा बांधून देता आली नसती. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे माळ्याच्या तुळईखाली पडणाऱ्या त्या काळ्या गोळ्या मी दर वर्षी शाळेत घेऊन जाते. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस पचत नाहीत ते गोळी करून ओकून टाकतं. पोरं चिमट्याने गोळी सोडवतात, कवट्या मोजतात, पिवळे दात बघून "बाई हा उंदीर, ही चिचुंद्री" असं भांडत बसतात. एकेका गोळीत दोन-तीन कवट्या निघतात कधी कधी. हे सांगायचं कारण पुढे येईल.

तर झालं असं. गेल्या वर्षी चवथीच्या आधी पाडेली नारळ काढायला आला आणि दुसऱ्याच माडावरून ओरडला, "हुंदीर लागलो!" खाली बघितलं तर कोवळी बोंडं पडलेली, देठाच्या बाजूला गोल भोक, आतलं सगळं पोखरून खाल्लेलं. मोजली नाहीत पण एक टोपली भरली. काळा उंदीर माडावर चढतो आणि तिथेच घरटं करतो, झावळ्या एकमेकांना लागलेल्या असल्या की खाली उतरायचीसुद्धा गरज नाही, एका माडावरून दुसऱ्यावर. शिवाय कोठारात भाताच्या पोत्याला भोक, गोठ्यात पेंडीची वाट. आता चवथीत गणपतीच्या वाहनाला विष घालायचं कुणाच्या मनाला पटेना, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची सुपारी कुरतडली तरी सासूबाई हात जोडून गप्प. ठरलं की दसरा झाला की बघू.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी भावजींनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. नाव घेत नाही, आणि खरं सांगायचं तर दोष त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडण्यात अर्थही नाही, जीपे मीच केलं होतं. त्याने निळसर हिरव्या मेणाच्या वड्या आणल्या, ब्रोमाडायोलोनच्या, ०.००५ टक्केवाल्या. "वैनी, काही टेन्शन नाही, वास येत नाही, उंदीर पाणी शोधत बाहेर जातात आणि बाहेरच मरतात." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हे खरं नाही. उंदीर जिथे मरायचा तिथे मरतो, कौलाखाली, भिंतीत, माडाच्या शेंड्यात, आणि वासही येतो.

माडाच्या बाबतीत शिफारस साधारण अशी असते की पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात १० ग्रॅमची वडी, बारा दिवसांच्या अंतराने दोनदा. आमच्याकडे सगळ्या ६२ माडांवर ठेवली. "एकदाचं काम होऊन जाऊ दे" म्हणून. गोठ्यामागे ठेवली, कोठारात ठेवली, माळ्यावरही ठेवली, आणि वर घुबडं आहेत हे आम्हाला सगळ्यांना माहीत असून ठेवली, कारण डोक्यात हिशोब असा की घुबड काही वडी खात नाही.

बरोबर आहे, घुबड वडी खात नाही.

पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी उंदीर दिसायला लागले, आणि तेही दिवसाढवळ्या. एक उंदीर अंगणाच्या पेळेवर उन्हात बसलेला, फुगलेला, मी पायाजवळ जाऊन उभी राहिले तरी हलेना, मग दोन पावलं चालला आणि कलंडला. कोठाराच्या कोपऱ्यात लेंड्या पडलेल्या, हिरवट निळ्या, अगदी वडीच्या रंगाच्या. भावजी खूश, "बघा, लागू पडलं." बारा दिवसांनी दुसरा राऊंड झाला.

नरकासुराच्या रात्री, म्हणजे पहिली वडी ठेवल्याला पंधरा दिवस झाले होते, वाड्यावर पहाटेपर्यंत डीजे आणि फटाके. सकाळी अभ्यंगाचं पाणी तापवायला उठले तर तुळशीवृंदावनाच्या पायरीशी मोठं घुबड मरून पडलेलं. पंख अर्धे उघडे. चोचीच्या कडेला सुकलेलं रक्त, एवढंच. कुणी म्हणालं फटाका लागला, कुणी म्हणालं डीजेच्या आवाजाने हार्ट बंद पडलं असणार, शेजारच्या काकांनी हळूच विचारलं की कुणी काही "केलं" तर नाही ना, कारण दिवाळीच्या सुमाराला करणीसाठी घुबडं मारतात हे खरंच आहे, दर वर्षी त्याबद्दल इशारे निघतात. मलाही फटाकाच वाटला. पण पिसं कुठे जळलेली नव्हती आणि जखम नव्हती.

माळ्यावर त्या वेळी चार पिल्लं होती. पाडव्याला दोन मेली. पिल्लांना नवीन पिसं फुटत असतात तेव्हा त्या पिसांच्या नळीत रक्त असतं, आणि या दोघांच्या पंखांच्या पिसांतून ते रक्त गळून कापसासारखा पांढरा लव चिकट तांबूस झालेला. ते बघून मी खाली आले आणि थोडा वेळ कुणाशी बोलले नाही. भाऊबीजेच्या दिवशी मोती, आमचा कुत्रा, जेवेना. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्या, अगदी खडूसारख्या, आणि खोकताना नाकातून रक्ताचा थेंब. गोठ्यामागे त्याच्या बसायच्या जागेजवळ अर्धी चावलेली वडी सापडली. आम्ही ती भोकात आत सरकवली होती, उंदरांनी ओढून बाहेर आणली. उंदीर खाणं ओढून नेतात, साठवतात, ही गोष्ट पोरासोरांना माहीत असते पण वडी ठेवताना कुणाला आठवत नाही.

मोतीला म्हापशाला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वडीचं पाकीट मागितलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट केली. वेळ कितीतरी लांबलेला. लगेच व्हिटॅमिन के-१ चालू. वनखात्याला आम्ही आधीच फोन केला होता, घुबड हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधला पक्षी, मेलेला असला तरी आपण परस्पर पुरून टाकायचा नसतो. माणसं आली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. हाड मोडलेलं नाही, आत भाजलेलं नाही, पोटात आणि छातीत पातळ रक्त साचलेलं, न गोठलेलं, आणि स्नायू फिकट पडलेले. पिल्लांचंही तेच. फटाक्याची थिअरी तिथे संपली.

लिव्हरचा तुकडा लॅबला गेला नाही, त्यामुळे हातात आकडा नाही. पण जखमेशिवाय आतल्या आत रक्तस्राव, त्याच घरात तीच वडी खाल्लेला कुत्रा के-१ ने सुधारला, आणि तिसरी गोष्ट मी स्वतः बघितली. माळ्याखालच्या त्या आठवड्यातल्या गोळ्या मी सवयीने उचलून ठेवल्या होत्या. मोतीच्या गडबडीनंतर एक रात्री पेपर पसरून फोडल्या. पाचातल्या दोन गोळ्यांत, करड्या केसांमध्ये, निळसर हिरवा भुगा होता. नखाएवढा. वडीचा तुकडा शेजारी ठेवून बघितला, रंग तोच. इतकी वर्षं पोरांना अन्नसाखळी फळ्यावर काढून दाखवते, बाण काढते, गवत–उंदीर–घुबड, आणि बाणाच्या आत काय जातं ते माझ्या स्वतःच्या माळ्याखाली पेपरवर पडलेलं.

आता हे औषध नेमकं करतं काय, ते घरी मला सासऱ्यांमुळे समजावता आलं. बाबांची हार्टची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की पालक, तांबडी भाजी एकदम जास्त खायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही, कारण पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि गोळी त्याच्याच विरुद्ध काम करते. रक्त गोठवणारे काही घटक लिव्हर व्हिटॅमिन के वापरून तयार करतं, वापरलेलं के परत वापरण्याजोगं करायला एक एन्झाइम लागतं, हे औषध त्या एन्झाइमला अडवतं. अंगात आधीच तयार असलेले घटक दोन-तीन दिवस पुरतात, म्हणून पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. ते संपले की कुठेही बारीकशी नस फुटली तरी रक्त थांबत नाही. मी हे सांगत होते आणि बाबा गोळीची पट्टी हातात धरून ऐकत होते, मग म्हणाले, "म्हणजे आपण घुबडाला माझीच गोळी घातली?"

जवळजवळ तसंच, बाबा. खानदान एकच. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात कुजलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली, विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या टीमने त्यातला दोषी पदार्थ शोधला, त्यावरून वॉरफरिन निघालं, १९४८ ला उंदीर मारायला बाजारात आणि काही वर्षांत माणसांच्या हार्टसाठी. फरक एवढाच की बाबांची गोळी बंद केली तर काही दिवसांत उतरते. पण १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला न मरणारे उंदीर सापडले, मग त्याहून जोरकस अशी दुसरी पिढी काढली, ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफाकूम वगैरे, आणि यांची खासियत म्हणजे एकदा खाल्लं तरी पुरे आणि लिव्हरला चिकटून महिनोन् महिने राहतं. एका उंदरातून थोडं आलं, दुसऱ्यातून थोडं, पंधरा रात्रीत घुबडाच्या अंगात साठत गेलं.

आणि आता मला जे मुख्य सांगायचंय ते. औषध उशिरा मारतं हा त्यातला दोष नाही, तेच विकलं जातं. उंदीर जातीचा संशयी, नवीन वस्तूला दोन-तीन रात्री तोंड लावत नाही, आणि खाऊन लगेच पोटात दुखलं आणि वाचला तर आयुष्यात परत ते खात नाही. सासूबाई अजूनही सापळा लावताना "उंदीर" म्हणत नाहीत, "मामा आलेत" म्हणतात, ऐकतील म्हणून. आम्ही हसतो, पण त्यामागचा अनुभव खरा आहे. म्हणून असं औषध पाहिजे की खाल्लं आणि दुखलं याचा संबंध उंदराला लागू नये. चार-पाच दिवस काही होत नाही, त्यामुळे तो रोज येऊन आणखी खातो, मरायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट पोटात घेऊन फिरतो. शेवटच्या दोन दिवसांत सुस्त होतो, उजेडात येतो, पळत नाही. घुबड, पिंगळा, घार, मुंगूस, उदमांजर, मांजर, कुणाही शिकाऱ्याला दहा चपळ उंदीर आणि एक लुळा उंदीर दिला तर तो कुठला उचलेल? आम्ही माळ्यावरच्या आईबापांना पंधरा दिवस सोप्यातली सोपी शिकार पुरवली, आणि त्यांनी ती इमानदारीने पिल्लांना भरवली.

गिधाडांचं आठवत असेल. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक, मेलेल्या गुराच्या अंगात उरलेलं, ते खाऊन गिधाडं गेली, २००६ ला जनावरांसाठी ते बंद केलं तोवर देशभरातले थवे संपले होते. ह्यात आणि त्यात मला फारसा फरक दिसत नाही, फक्त गिधाड मोठं आणि उघड्यावर मरतं, घुबड रात्रीचं आणि कपारीत.

भावजींचं म्हणणं, एका घुबडावरून एवढं काय, बाहेर कुठे सिद्ध झालंय का. झालंय की. ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांची लिव्हर वर्षानुवर्षं तपासतात, त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त घुबडांत ही औषधं सापडतात, थोड्या प्रमाणात का होईना. न्यूयॉर्कच्या झूमधून २०२३ च्या फेब्रुवारीत सुटलेलं फ्लाको नावाचं मोठं घुबड वर्षभर शहरात उंदीर मारून जगलं, लोक दुर्बिणी घेऊन बघायला जायचे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मेलं तेव्हा अंगात कबुतरांकडून आलेला विषाणू होता आणि सोबत उंदराच्या औषधाचे चार वेगवेगळे प्रकार. मलेशियात तेलमाडाच्या बागांत तर उंदरांसाठी मुद्दाम गव्हाणी घुबडं वाढवतात, खोकी लावून, आणि तिथेही काही बागांनी जोरदार औषधं सुरू केली तशी घुबडं कमी झाल्याची नोंद आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या पिढीच्या औषधांवर कडक बंधनं घातली, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने आपल्याकडची तात्पुरती बंधनं २०२३ मध्ये कायमची केली. आपल्याकडे वडी किराणा दुकानात खोबरेल तेलाच्या बाजूला मिळते.

एक उलटं उदाहरणही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. अलास्कातल्या रॅट आयलंडवर २००८ मध्ये हेलिकॉप्टरमधून ब्रोडिफाकूम टाकलं, उंदीर पूर्ण संपवायला. उंदीर संपले, पण ४६ गरुड आणि तीनशेच्या वर समुद्री कुरव मेले. तरी नंतर तिथे इतर पक्षी परत वाढले, आणि तिथे ते परवडलं असं म्हणता येईल, कारण चारी बाजूंनी समुद्र, गेलेला उंदीर परत येत नाही. आमचं भाट बेट नाही. बांधावरून, शेजाऱ्याच्या गवतातून, भाताच्या पोत्यातून उंदीर महिन्यात परत. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं, ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. घुबडाला अंडी उबवायलाच महिना आणि पिल्लू उडायला आणखी दोन. आमच्याकडे मे महिन्यात उंदीर पहिल्यासारखे झाले होते, आणि आता माळ्यावर कुणी नव्हतं. उरलेल्या दोन पिल्लांतलं एक गेलं, एक वनखात्याची माणसं घेऊन गेली, आणि नर त्यानंतर दोन रात्री आला, तुळईवर उंदीर ठेवून गेला, मग आला नाही.

घुबडाचं दिसलं म्हणून कळलं. न दिसणारं बरंच असतं. दुसऱ्या राऊंडनंतर केळीच्या बुंध्याशी ठेवलेल्या वडीवर मी सात-आठ गोगलगायी बसलेल्या बघितल्या, मेणाला खरवडून खात होत्या. गोगलगाय, खेकडा, मुंगी यांचं रक्त आपल्यासारखं गोठत नाही म्हणून त्यांना या औषधाने सहसा काही होत नाही, त्या फक्त ते पोटात घेऊन पुढे जातात. त्याच केळीत रोज सकाळी भारद्वाज उतरतो, गोगलगायीही त्याच्या खाण्यात असतात. खाजनाच्या बांधाला घुशी भोकं पाडतात, लोक त्या भोकात औषध सारतात, आणि त्याच भोकांत कुर्ल्यो, म्हणजे खेकडे. कुर्ल्यो कोण खातं त्याची यादी तुम्हीच करा, आणि त्यात स्वतःला धरा.

विहिरीचं पाणी विषारी होईल का, हे मात्र सगळ्यात आधी सगळ्यांनी विचारलं. त्याची भीती तुलनेने कमी, हे पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीला धरून राहतं. माणसाला फक्त विहीर आठवते, हा माझा वैताग आहे, सोडून द्या.

मग काका म्हणाले, वडी नको तर आपली जुनी काळी पूड आणूया, झिंक फॉस्फाइड, ती रात्रीत निकाल लावते. हे अर्धं खरं आहे. पोटातल्या अ‍ॅसिडला लागून तिचा फॉस्फीन वायू होतो, उंदराला ओकता येत नाही, तो काही तासांत मरतो, आणि वडीसारखं लिव्हरमध्ये साठून पुढे जाणं तिथे कमी. पण ती तांदळाच्या कण्यांत तेल लावून घालतात, आणि कण्या उंदराच्याच तोंडात जातील असं कुणी सांगितलंय? कोंबडी, होला, मोर, सगळे दाणे टिपणारे. आणि पोटात गेली तर उतारा नाही, वडीला निदान के-१ तरी आहे. ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टबद्दल तर बोलायलाच नको, माणसाचं लिव्हर बाद करते, उतारा तिलाही नाही, घरात लहान पोरं असतील तर उंबऱ्याच्या आतच घेऊ नका. गोंदाच्या पाट्या म्हणाल तर एका रात्रीत पाल, सापसुरळी आणि नानेटीचं पिल्लू चिकटलेलं बघितलं, दुसऱ्या रात्री लावली नाही.

आम्ही काय केलं ते सांगते, चमत्कार नाही. पहिल्यांदा सापडतील तेवढ्या वड्या हातमोजे घालून परत गोळा केल्या, पाडेलीला दिवसाची मजुरी देऊन माडावरच्या उतरवल्या, ४१ मिळाल्या, बाकीच्या गेल्या त्या गेल्या. मेलेले उंदीर रोज सकाळी शोधून दोन फूट खोल पुरले, आधी आम्ही ते शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावत होतो, घारींसाठी ताट वाढल्यासारखं. मोतीला के-१ च्या गोळ्या चार आठवडे, मधेच "बरा झाला की" म्हणून बंद करायचा मोह होतो, करायचा नसतो, औषध अंगात तोवर असतंच. बंद केल्यावर दोन दिवसांनी परत टेस्ट, ती नॉर्मल आली. तो आता गोठ्यामागे बसत नाही, कारण माहीत नाही.

मग पत्रा. माडाच्या खोडाला माणसाच्या डोक्यावर, साधारण दोन मीटरवर, वीतभरापेक्षा मोठी म्हणजे ४० सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळायची, उंदराची नखं लागत नाहीत, तो घसरतो. ही जुनीच युक्ती, आजोबांच्या वेळचे दोन गंजलेले पत्रे आमच्याच भाटात होते. पण झावळ्या एकमेकांना लागलेल्या असतील तर शून्य उपयोग, म्हणून आधी झावळ्या छाटल्या, आंब्याची एक फांदी उतरवली, तरी कडेच्या ११ माडांचं काही करता आलं नाही, ते शेजाऱ्याच्या माडांना टेकलेले आणि शेजारी छाटू देत नाहीत. पत्र्याला आणि मजुरीला मिळून वडीच्या चौपट खर्च आला, भावजींनी तो मला तीनदा ऐकवला. कोठारातलं भात पिंपात गेलं, भिंतीची भोकं काचेचे तुकडे आणि सिमेंटने बुजवली, गोठ्यातली पेंड झाकणाच्या डब्यात. चाप लावले बारा. पहिल्या तीन रात्री चाप न ताणता नुसतेच सुक्या बांगड्याचं डोकं ठेवून, म्हणजे मामांची भीड चेपावी, चौथ्या रात्री ताणले. त्या एका रात्रीत सात. खट्ट आवाज आला की बाबा अंथरुणातून आकडा म्हणायचे.

बोंडं अजून पडतात, टोपलीभर नाही, सहा-सात. कोठारात भोक नाही. वर्षातून चार नारळ उंदराचे असं मी धरून चालते, भावजी धरत नाहीत.

माळ्यावर जुन्या जागेशेजारी प्लायवूडचं एक खोकं ठोकलं आहे, भोक आतल्या बाजूला. तीन-चार महिने त्यात फक्त कोळ्याचं जाळं. दिवाळीच्या आधी एका रात्री समोरच्या खाजनात मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, खांबावर पांढरं काहीतरी बसलेलं दिसलं, एकटंच, मी टॉर्च मारला नाही. सासूबाई म्हणाल्या पिल्लाचा आवाज यायला अजून वेळ आहे. गेल्या रविवारी झाडताना खोक्याखाली तीन गोळ्या मिळाल्या, ओल्याच होत्या. पेपर पसरून फोडल्या, बाबा चष्मा लावून शेजारी बसले. चार कवट्या, करडे केस, एक चिचुंद्रीचा जबडा. रंग कुठे नव्हता.